बॅटरीचं नहाण

आमच्या यशोदाच्या लग्नाचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बघून हसतात. हसू देत बापडे. पोरीच्या नहाणाचं ऊन पाणी मोटरीच्या बॅटरीला घालणारी आई अख्ख्या मालवण तालुक्यात एकच झाली, आणि ती मी. मला त्याची तिळभर लाज वाटत नाही. उलट ही गोष्ट मी आपल्या तोंडाने सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितली की तिच्यात मीठमसाला फार होतो आणि माझी यशोदा बाजूला राहते.

आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून मी 'हे' म्हणते. बाकी मसुऱ्यापासून मालवण बंदरापर्यंत सगळे ह्यांना बाबली डायवर म्हणत. पूर्वी हे मुंबईला एका पारशी शेटजींची मोटर चालवायचे. शेटजी कायमचे विलायतेला गेले तेव्हा जाताना आपली जुनी काळी मोटर ह्यांना देऊन गेले. ती घेऊन हे गावी आले आणि टॅक्सी चालवू लागले. मोटर जुनी असली तरी ह्यांचा तोरा नवा होता. रोज सकाळी धोतराच्या मऊ फडक्याने तिला पुसायचं, मासळीची टोपली घेऊन कुणी आलं तर त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचं, आणि बायको चार वेळा जेवायला बोलावून दमली तरी बॉनेटमधून डोकं बाहेर काढायचं नाही. मोटर माझी सवत होती म्हणा ना.

तेव्हा ती हॅण्डल मारून चालू करावी लागे. पुढच्या भोकात ते वाकडं लोखंड घालायचं आणि जीव खाऊन फिरवायचं. एकदा ते उलटं फिरलं आणि ह्यांचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून बसले असताना ह्यांनी गावच्या सातेरीदेवीला नवस बोलला, की नवी बॅटरी येऊ दे, मोटर नुसत्या बटणावर चालू होऊ दे, हे लोखंड तुझ्या पायाशी आणून वाहतो. पुढे कोल्हापूरहून नवी बॅटरी आली. ह्यांनी बटण दाबलं आणि मोटर अशी गुरगुरली की शेजारची कोंबडी माडावर चढायची बाकी राहिली. मग काय, देवळात गावकरी जमले, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि नारळासकट ते हॅण्डल घंटांच्या शेजारी तुळईला टांगलं गेलं.

"देवीकडे मोटर आसा काय?" मी विचारलं. "तिका हॅण्डल कित्याक व्हया?"

"नवसात तोंड घालू नको," हे म्हणाले.

देवाला वाहिलेली वस्तू परत मागायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तेव्हा हॅण्डल गेलं ते गेलंच.

बॅटरीने चांगली सेवा केली. पण लोखंड काय आणि माणूस काय, वय कुणाला चुकलंय? पुढे पुढे तिच्या टोकांवर पांढरी भुकटी धरू लागली. तिला वरचेवर पाणी पाजावं लागे. मार्गशीर्षात पहाटे हे बटण दाबायचे तेव्हा इंजिन आधी कुंथायचं, मग नाइलाजाने उठायचं. आमच्या किनाऱ्यावरची थंडी ती केवढी, पहाटे पायाशी पडलेलं पांघरूण छातीपर्यंत ओढण्याइतकी. तेवढीही तिला सोसवेना. मी म्हटलं, "बॅटरी म्हातारी झाली." तर हे म्हणाले, "म्हातारी झाली, पण खानदानी आसा." ह्यावर बायकोने काय बोलावं?

एकसष्ट सालच्या माघात आमच्या एकुलत्या एका लेकीचं, यशोदाचं, लग्न ठरलं. मुलगा बेळगावचा, शाळेत मास्तर. त्याच्या आजीने अंथरूण धरलं होतं आणि तिला नातवाचं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून लग्न त्यांच्या दारात करायचं ठरलं. बाकीचं वऱ्हाड एस.टी.ने आदल्या दिवशीच पुढे गेलं. नवरीला न्यायला नवऱ्या मुलाचे मामा आले होते, यल्लोजीमामा. माणूस वाईट नव्हता, पण कोकणात पाय ठेवल्यापासून त्यांना सगळंच दमट वाटत होतं. भात दमट, गादी दमट, आमची बोलीसुद्धा दमट. साखरपुड्याला त्यांनी सुचवलं होतं की नवरीलाही एस.टी.नेच आणा, घाट अवघड आहे. तेव्हा हे उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "माज्या चेडवाक मी सोताच्या मोटरीतसून मांडवात नेतलंय."

ह्यांच्या ह्या हट्टाचं कारण मला ठाऊक होतं. पंचक्रोशीतल्या कितीतरी नवऱ्या ह्यांनी ह्या मोटरीतून मांडवात पोचवल्या होत्या. दर वेळी पुढच्या काचेला अबोलीची माळ लावायचे आणि घरी आल्यावर मागची सीट झटकताना यशोदाला म्हणायचे, "हयसर एक दिवस तू बसतलंस, आणि चालवणारो मी." ती परकरात होती तेव्हापासून हे ऐकत आली होती. म्हणून मी त्या मोटरीला कितीही नावं ठेवली तरी त्या दिवसापुरती ती माझीही मोटर होती.

आम्ही मालवणाहून निघून घाटमाथ्यावर आंबोलीला माझ्या थोरल्या बहिणीकडे, लक्ष्मीबायकडे, मुक्काम केला. सकाळी उठून बेळगाव गाठायचं, दुपारच्या आत मुहूर्त. लक्ष्मीबायचं घर रस्त्याच्या खाली. चिऱ्यांच्या उतारावरून मोटर खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरवताना मी म्हटलं, रस्त्यावरच ठेवा. पण हे ऐकतील तर शपथ! रस्त्यावर दव पडतं, रंगाला वाईट, म्हणे.

सकाळी दार उघडलं तर समोरचा फणस दिसेना एवढं धुकं. थंडी अशी की पितळी तांब्याला हात लावला तर हात मागे यावा. आमच्या मालवणच्या माणसाला असली थंडी फक्त ऐकून ठाऊक. हे ऐटीत मोटरीत बसले, टोपी सारखी केली आणि बटण दाबलं.

मोटरीने एक उसासा टाकला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा अर्धा. तिसऱ्यांदा नुसतं 'कट' झालं आणि गप्प.

यल्लोजीमामा घोंगडी पांघरून पडवीत उभे होते. "का हो, झोपली काय मोटर?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी बॉनेट उघडलं, टोकं घासली, तारा आवळल्या. परत 'कट'. धक्का मारून चालू करावी तर मोटर खळ्यात आणि रस्ता वर. चढावर कोण धक्का मारणार? बैल लावून ओढावी तर लक्ष्मीबायची बैलजोडी गाडीला जुंपून तिचा नवरा आदल्या दिवशीच सावंतवाडीच्या बाजाराला गेलेला. आणि हॅण्डल? ते तिकडे सातेरीच्या डोक्यावर सुखाने लोंबत होतं. मला इतका संताप आला की देवीची क्षमा मागूनच मी मनात ह्यांना दोन शब्द ऐकवले.

"वरनं बस जाईल की थोड्या वेळानं," यल्लोजीमामा म्हणाले. "नवरीला घेऊन मी बसनं पुढं जातो. तुम्ही बसा हे लोखंड दुरुस्त करत."

हे मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले. गाडीत बसल्यावर ताठ होणारा हा माणूस त्या धुक्यात एकदम लहान दिसायला लागला. तेव्हा माझा राग कुठच्या कुठे गेला. साऱ्या गावासमोर दिलेला शब्द, तो जातोय आणि तोही व्याह्यांच्या माणसासमोर!

मी पुढे होऊन बॅटरीला हात लावला. प्रेताला हात लावावा तशी गार लागली.

"मेली काय?" मी विचारलं.

"मेली नाय," हे म्हणाले. "पण थंडयेन आतला ॲसिड सुस्त पडता. करंट देवक व्हयो तितको देणा नाय. आणि तकडे इंजिनातला तेल थिजला, म्हणजे फिरवूक जोर आणखी व्हयो. नवी बॅटरी आसती तर निभावन नेल्यान असता. ही म्हातारी."

"मालवणात चालू होय ती."

"मालवणात ऊब आसता."

"मग हिका ऊब देवया."

हे माझ्याकडे बघत राहिले.

माझी आई गावची सुईण होती. ऐन पौषात एकीचं मूल निळं पडून जन्माला आलं, रडेना, हलेना. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. माझ्या आईने त्याला ऊन पाण्याच्या घंगाळात मानेपर्यंत बसवलं आणि पाणी निवलं की बदलत राहिली. शेवटी ते पोर असं किंचाळलं की बाहेर बापाच्या हातातली चिलीम पडली. मी तेव्हा तिथे पाणी देत होते. गारठलेलं आणि मेलेलं ह्यांतला फरक मला ह्या डोळ्यांनी दिसलेला आहे.

"चुलीकडे नेवया," मी म्हटलं.

"विस्तवाकडे नको," हे एकदम म्हणाले. "हिच्यातसून वायू येता, भडको उडात." मग थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाण्यात चालात. टोकां वर रवाक व्हयी, पाणी आत जावक नाय व्हया. ऊन पाणी, उकळता नको."

बोलता बोलता ह्यांचे हात तारा सोडवायला लागलेसुद्धा.

ऊन पाणी घरात तयार होतं. पण ते होतं यशोदाच्या नहाणाचं. लक्ष्मीबायने पहाटे उठून न्हाणीतलं मोठं भाणं, तो तांब्याचा हंडा, तापवलं होतं, आंब्याची पानं घातली होती, हळद घातली होती. धुक्याने लाकडं ओलसर, चूल धुमसत होती. दुसरं भाणं तापवायचं तर बेळगावला वरमाला सुकून गेल्या असत्या. मी घंगाळ घेऊन न्हाणीत शिरले तर लक्ष्मीबाय दारात आडवी.

"सुशीला, तुका येड लागला काय गो? लग्नाच्या नवरीचा नहाण ता! मोटरीक घालतंस? आणि पोरगी न्हातली कशान?"

तिचं बरोबर होतं. आयुष्यात एकदाच येणारं नहाण, तेही मी पोरीकडून काढून घ्यायला निघाले होते. तेवढ्यात मागून यशोदा आली. हळदीने पिवळी झालेली, केस सोडलेले, अंगावर जुनं लुगडं.

"मावशे, ता पाणी बॅटरीक दी," ती म्हणाली. "मी बावडेच्या पाण्यान न्हातंय."

"आंबोलीची थंडी आसा ही, चेडवा! मरशीत!"

"मरणंय नाय. आये, चल, वेळ नको करू."

आणि खरंच ती पोर मागीलदारी गेली. विहिरीतून कळशी काढली आणि डोक्यावर ओतली. पहिल्या कळशीला तिच्या तोंडून आवाज फुटला तो मी न्हाणीत ऐकला, आणि माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं. दुसऱ्या कळशीला ती हसायला लागली. मी किती बायका बघितल्या आहेत, सोन्याने मढलेल्या, नहाणात गुलाबपाणी असलेल्या. माझ्या पोरीसारखी नवरी मी बघितलेली नाही. हे मी आई म्हणून बोलते असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

इकडे घंगाळात बॅटरी बसवली. हे एका हाताने तिला धरून होते आणि मी कडेने ऊन पाणी सोडत होते. पाणी निवलं की काढायचं, नवं ओतायचं. बॅटरी चांगली जड, आणि थंडी तिच्या हाडांत शिरलेली. ऊब आत पोचायला वेळ लागत होता. मधून मधून हे तिच्या अंगाला पालथा हात लावून बघायचे. आमच्या पाच बाळंतपणांत ह्या माणसाने कधी पोराच्या कपाळाला असा हात लावला नव्हता. तेही मी त्यांना तिथेच ऐकवलं.

एवढ्यात घाटाच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. यल्लोजीमामा पिशवी घेऊन धावत वर रस्त्याला गेले आणि तिथून ओरडले, "चला, चला! आली बस! पोरीला घेऊन या!"

ह्यांचा हात पाण्यात थांबला. बॅटरी अजून कोमट झाली होती इतकंच. ती उठेल की नाही हे सांगणारा कुणी नव्हता. बस सोडली आणि मोटर उठली नाही, तर मुहूर्त गेला. अंथरुणावरची म्हातारी वाट बघत राहणार, आणि लग्नाच्या पहिल्याच दिवशी पोरीच्या नावाला बट्टा लागणार, कोकण्यांची उशिरा आलेली म्हणून.

हे उठले. टोपी काढली, हातात धरली. यशोदा ओल्या केसांनी, अष्टपुत्री नेसून, दातावर दात आपटत पडवीत आली होती.

"बाय, तू बशीत बस," हे म्हणाले. "माजो हट्ट गेलो चुलीत. तू वेळेर पोच."

यशोदाने बापाकडे बघितलं. "इतक्यो नवऱ्यो तुमी पोचवलात, बाबा," ती म्हणाली. "आणि माका बशीत घालतात? मी बशीन जावचंय नाय. तुमी तिका ऊब देवा."

मग ती खळ्याच्या टोकाशी गेली आणि खणखणीत आवाजात वर ओरडली, "मामानूं, बस जावंदे!"

कंडक्टरने घंटी मारली, बस निघाली. तिचा आवाज धुक्यात जिरला. मला वाटलं, आता यल्लोजीमामा खाली येऊन आमची सात पिढ्यांची अब्रू काढणार. ते उतारावरून आले, पिशवी ठेवली, ओलीचिंब वेणी पिळणाऱ्या यशोदाकडे क्षणभर बघितलं. मग अंगावरची घोंगडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"नुसत्या पाण्यानं काय होतंय हो?" ते म्हणाले. "बाहेर काढली की परत गार पडतीया. हिच्यात गुंडाळून न्या की."

आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून स्वतः पाण्याची तपेली आणायला लागले. कोकणातलं पाणी तरी त्यांना त्या दिवशी दमट लागलं नाही.

भाण्यातलं पाणी तळाला गेलं तेव्हा हे म्हणाले, "बस झाला." बॅटरी पुसली, घोंगडीत गुंडाळली, तान्ह्यासारखी छातीशी धरून मोटरीपर्यंत नेली. उरलेलं ऊन पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, इंजिनालाही थोडी ऊब लागावी म्हणून. तारा जोडल्या. आता हिच्यात होतं ते एकदोनदा फिरवण्यापुरतंच होतं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. लक्ष्मीबायने देवीला हात जोडले.

हे सीटवर बसले. बटणाकडे बोट नेलं, आणि मागे घेतलं. इतक्या वर्षांत त्या बटणाला ह्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. मी एकदा पुसायला गेले तर माझ्यावर खेकसले होते. ते खाली उतरले.

"यशोदा," ते म्हणाले, "तू दाब."

पोरगी हिरव्या चुड्यांनिशी आत बसली. तिने कुणाकडे बघितलं नाही, डोळे मिटले नाहीत, देवाचं नावही घेतलं नाही. अंगठ्याने बटण दाबलं आणि दाबून धरलं.

इंजिन कुंथलं. थांबल्यासारखं झालं. परत कुंथलं, जरा लवकर. आणि मग एकदम खोकून, धूर सोडून, सगळं खळं हादरवत मोटर चालू झाली.

लक्ष्मीबाय रडायला लागली. यल्लोजीमामांनी "हर हर महादेव" अशी आरोळी ठोकली. मी काय केलं मला आठवत नाही. लक्ष्मीबाय सांगते की मी रिकामं घंगाळ बडवत होते. असेन बडवत. ज्या घरात अशी लेक जन्मली त्या घराने घंगाळ बडवायला हरकत नाही.

हे सीटवर परत बसले ते पूर्वीसारखे ताठ. चढ चढून रस्त्याला लागल्यावर त्यांनी इंजिनाला क्षणाचीही उसंत दिली नाही. वाटेत चहाला थांबलो तर मोटर चालूच, हे एक पाय तिच्यात ठेवून चहा प्यायले. यशोदा मागच्या सीटवर, ह्यांनी इतकी वर्षं दाखवलेल्या जागेवर, यल्लोजीमामांच्या घोंगडीत गुरफटून बसली होती. अबोलीची माळ काचेवर हलत होती. ऊन वर आलं तसे तिचे केस वाळले.

बेळगावला मांडवाच्या दारात वाजंत्री वाजत होती. मुहूर्ताला अजून अवकाश होता. मोटर थांबायच्या आधीच यल्लोजीमामा उडी मारून उतरले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, "आंबोलीच्या थंडीत विहिरीच्या पाण्यानं न्हालीया पोरगी! बापाची मोटर उठावी म्हणून! अशी सून आणलीया मी!" जणू सगळं त्यांनीच घडवून आणलं होतं. म्हातारीने ते ऐकलं आणि अंथरुणावरूनच हात पुढे करून यशोदाला आधी आपल्याकडे बोलावलं. माझी मान तेव्हा जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही.

ह्यांनी दार उघडून लेकीला हात दिला, उतरवलं, सासरच्या बायकांच्या हाती सोपवलं. ती आत जाईपर्यंत बघत राहिले. मग मोटरीकडे परत आले आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

मी धावत गेले. "बंद कित्याक केलात?" मी म्हटलं. "हयसरची थंडी काय कमी आसा? परत चालू नाय झाली तर?"

ह्यांनी टोपी काढून केस सारखे केले आणि पुन्हा घातली. चेहऱ्यावर तोच तोरा होता, फक्त डोळे भरलेले.

"नाय झाली तर नाय," हे म्हणाले. "आता माका कोणाक खंय पोचवूचा आसा?"